दुधनेच्या पाण्यात हिरवा रंग

वृषाली नद्यांचं पाणी तपासते, मी चित्रं काढते. दुधना नदीवरच्या एका बंधाऱ्यावरून वरचं गाव आणि खालचं गाव भांडत होती. अडवलेलं पाणी वाळूतून खाली झिरपतं का, हे रंग टाकून बघायचं आणि त्याचं मोठं चित्र दोन्ही गावांना द्यायचं, असं ठरवून आम्ही दोघी निघालो.

परभणीहून सेलूला रेल्वेही आहे. आम्ही एसटी धरली. सेलूच्या स्टँडवरची मिरची भजी चुकवू नका. पुढे वालूरकडे शेअर जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही. शेजारच्या बाईंनी कुठं चाललात विचारलं आणि म्हणाल्या, "तिथं पान्यापायी डोकी फुटलीत. संबाळून ऱ्हावा."

वरच्या गावात गंगाधरकाकांकडे उतरलो. बंधाऱ्याची दारं तेच सांभाळतात. भाकरी-ठेचा वाढता वाढता म्हणाले, "दोन्ही गावांत रंगाचं सांगून ठिवलंय. घाबरू नगा."

सकाळी वृषालीनं बंधाऱ्याच्या पाण्यात रंग ओतला, पिण्याला अपाय न करणारा. पाणी पोपटी होत पसरलं. मी पहिला फोटो काढते तोच मागून किंकाळी आली, "पान्यात इख टाकलं गं बाई!"

मेंढरं घेऊन आलेली ठकूबाई. ती गावोगाव फिरणारी, तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. शेतांतून माणसं काठ्या घेऊन धावली. रंगाचं ठाऊक असलेलेही ते पाणी बघून बिथरले. एकानं माझा कॅमेरा हिसकावला. काकांचं कुणी ऐकेना.

वृषालीनं वाकून ओंजळभर तेच पाणी पिऊन दाखवलं.

"तू प्यालीस, बरं," ठकूबाई म्हणाली. "पर माजी मेंढरं पिऊन जगली तरच उटायचं. बस हितं."

बसलो. एक म्हातारी मेंढी पाणी पिऊन बाभळीखाली आडवी झाली. ती हलेना, तशी मी भोवतालच्या काठ्यांकडे बघायला लागले. बऱ्याच वेळानं ती उठली आणि शेंगा खायला लागली. ठकूबाईनं तोंडावरून पदर फिरवला, तेव्हा कळलं, तीही तितकीच घाबरली होती.

ऊन कलता कलता बंधाऱ्याखालून आरोळी आली, "झिऱ्यात हिरवं आलं!" झिरा म्हणजे खालच्या गावानं वाळूत खणलेला खड्डा, त्यांचं पिण्याचं पाणी तेच. वृषालीनं माझा हात घट्ट दाबला.

कॅमेरा हिसकावणारा माणूस वरच्या गावचा. तो परत देत हसला. "लय बेस दावलंत, ताई. म्हंजे आमचं पानी बुडातून पळायलंय. आता तळाला शिमेंटच भरतो."

खाली झिऱ्यावर बायका हंडे भरत होत्या. तळ बुजवला तर तो झिराच आटणार. त्यांना ऐकू गेलं का, कळलं नाही.

पुण्याला परतल्यावर काकांचा फोन आला, "चित्र धाडा. दोन्ही गावं एकत्र बसनार हायत."

"काका, काय होईल?"

"शिमेंट भरायचं का झिरा राखायचा, ते बैठकीतच ठरंल."

चित्रातली बंधाऱ्यापासून झिऱ्यापर्यंतची हिरवी रेघ पुसून टाकावी, असं फार वाटलं. वृषाली म्हणाली, "जे दिसलं ते लपवायचं नाही." रेघ ठेवली. तिच्या टोकाशी झिरा, हंडे भरणाऱ्या बायका आणि मेंढरं काढली. चित्र पाठवणार नाही. आम्हीच घेऊन जाणार आहोत. ठकूबाईलाही काकांकरवी बैठकीचा निरोप दिलाय.