शेजारी बसणं

माझं अक्षर वाकडं आहे आणि लिहिण्यात चुका असतील. चौथीपर्यंतच शिकले, माफ करावं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी लिहिते.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची. विंझरहून भोरला कॉलेजला जाते. लहानपणापासून तिचं ध्यान टिकत नाही. गॅसवर दूध ठेवून अंगणात गेली की दूध विसरते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात. हा आळस नव्हे, रागावल्यानं जाणार नाही. ती मोठी होतेय, आता तिची कामं तुम्ही करू नका, ती करत असताना शेजारी बसा. मला ते पटलं नव्हतं. नुसतं बसून काय होणार?

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाचे चोवीसशे रुपये बँकेत भरायला मी तिच्याकडे दिले. नसरापूरला गाडी बदलताना पैशांची पिशवी सीटवरच राहिली. डेपोत विचारलं, मिळाली नाही. गटाच्या बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, ही पोरगी हाय का वारं? लगीन झाल्यावर नवऱ्यालाबी एसटीत इसरून येईल." सगळ्या हसल्या. मी सतरंजीकडे बघत राहिले. मुलगी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, मी महिन्याला तीनशे देईन. रविवारी कामथडीच्या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायला जाऊ लागली.

पहिल्याच महिन्यात ती बैठक विसरली. चारचौघींत लाज नको म्हणून माझेच तीनशे मी तिच्या नावानं ठेवले. तिला कळलं तेव्हा ती चिडली नाही. मजुरीतले तीनशे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "आई, तूच भरलेस तर मला जमतंय का न्हाई, हे कधी कळायचं गं?"

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी मी पावटा सोलत बसते. ती शेजारी बसून मजुरी डब्यात टाकते, बैठकीची तारीख मोबाईलात लावते. मध्येच उठून जाते, परत येते. मी काही बोलत नाही. ते गप्प बसणं मला शेतातल्या कामापेक्षा अवघड जातं.

या महिन्यात भाऊ आजारी म्हणून मी माहेरी होते. बैठकीच्या दिवशी चारदा मोबाईल हातात घेतला, लावला नाही. तिन्हीसांजेला तिचाच फोन आला. शेवटचे तीनशे तिनं स्वतः नेऊन दिले होते. अध्यक्षबाईंनी ते मोजून घेतले आणि वहीत तिच्यासमोर लिहिलं, चोवीसशे पूर्ण जमा.