आमचा जुना फुलबॅक

गुडघ्याला मलम चोळलं, की त्या वासानं मी थेट पिंपरीच्या हॉकी मैदानावर पोचते. आमच्या ह्यांच्या कंपनीनं तेव्हा आपल्या हॉकी संघाचा बचाव सांभाळणारा जुना फुलबॅक चाकणच्या कंपनीला दिला आणि बदल्यात तिथला तरणा फॉरवर्ड घेतला. शेवटचा सामना खेळून फुलबॅक मलम चोपडलेल्या गुडघ्यानं लंगडत फाटकाकडे निघाला, आणि मी अतिशहाणी टाळ्या पिटत ओरडले, "बरं झालं, लंगडा घोडा गेला एकदाचा!" सगळे हसले. तो थांबला. "वहिनी, नवा पोरगा चांगला हाय. लगेच गोल न्हाई झाले, तर त्याला असं बोलू नका," एवढंच म्हणाला. तो पोरगा वर्षभरात तिसऱ्याच कंपनीत गेला, आणि आमचा बचाव जो ढासळला तो ढासळलाच. माफी मागायला चाकण काही लांब नव्हतं, पण माझा तोरा केवढा! परवा फुलबॅक वारल्याचं कळलं. मैदानाच्या बाकावर आम्ही जुने प्रेक्षक हळहळत बसलो होतो. "त्याला सोडायलाच नको होतं राव," एकजण म्हणाला, "आणि त्या दिवशी ती कोण बाई ओरडली होती?" मी म्हटलं, "असेल कुणी बिनडोक भवानी." ती मीच, एवढं सांगायचं धाडस या वयातही झालं नाही.