चहाच्या डागावरून लावलेल्या नोट्स

लाइट आली, कूलर सुरू झाला आणि दीडेकशे पानं दुकानभर उडाली.

कूलरचं बटण बंद करायला विसरलेला गाढव मीच. लाइट गेली की सगळी बटणं बंद करायची, हे शुक्लाजी मला रोज सांगायचे. शुक्लाजी म्हणजे दुकानाचे मालक. मी रोज "जी" म्हणायचो आणि रोज विसरायचो. कॉलेजची पोरं काउंटरवर उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. "वाह मास्टरजी, क्या पतंगबाज़ी है!"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. लखनऊला विकास नगरच्या मार्केटात आमचं झेरॉक्सचं दुकान होतं. मी मूळचा सांगलीकडचा. थोरला भाऊ लष्कराच्या छावनीत मेसचा कुक, त्याने मला आणलं. त्याची बदली झाली, तो गेला. मी राहिलो, कारण मला परत कुणी बोलावलंच नाही. मशीन चालवायला शिकलो. परीक्षा जवळ आल्या की दिवसभर नोट्सच नोट्स. इतिहास, समाजशास्त्र, वनस्पती, प्राणी, सगळी विद्या माझ्या काचेवरून जायची. डोक्यात एक अक्षर शिरायचं नाही, कारण शाळा मी दुसरीत सोडली होती. आकडे यायचे. सही यायची. बाकी शून्य.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. पोरं मला मास्टरजी म्हणायची. "मास्टरजी, सोशियोलॉजी में किसके नोट्स चल रहे हैं?" मी पानांच्या कडा बघायचो. जो गठ्ठा जास्त मळलेला, तो जास्त लोकांनी वाचलेला. "ये ले जा, आँख बंद करके." आँख बंद करके म्हणायचा अधिकार माझ्याइतका कुणाला होता? मास्टरजी म्हणतात तर शोभायला पाहिजे, म्हणून चारबाग स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून चष्मासुद्धा घेतला होता. बिननंबरचा.

तर उडालेली पानं होती शिंदे वहिनींची. म्हणजे त्यांचीही नव्हेत. वहिनी छावनीत राहायच्या, मिस्टर हवालदार, तेव्हा बॉर्डरवर. त्या शिक्षिकेच्या ट्रेनिंगची प्रवेशपरीक्षा देत होत्या. पेपरात इतिहास, समाजशास्त्र आणि विज्ञान. वयाची अट त्या वर्षी संपत होती, त्यामुळे पुन्हा बसायची सोय नव्हती. त्यांच्या ओळखीचे एक रिटायर मास्तर संध्याकाळच्या गाडीने कानपूरला मुलाकडे कायमचे राहायला चालले होते. त्यांनी हाताने लिहिलेल्या नोट्स दुपारपुरत्या दिल्या होत्या.

"भाऊ, पाच वाजता घेऊन जाते. जिवापाड सांभाळा," वहिनी सांगून गेल्या होत्या. मी म्हणालो होतो, "वहिनी, घरचंच काम आहे."

आता घरचं काम जमिनीवर पसरलं होतं. एका बाजूला लिहिलेली, दोऱ्याने बांधलेली सुटी पानं. दोरा मीच सोडला होता. आणि मास्तरांनी पानांवर नंबर टाकले नव्हते.

खरं सांगायचं होतं. पण समोर पोरं हसत होती, मागे शुक्लाजी ओरडत होते, "अरे मारुती, हाथ चला!" मग मी माझं डोकं चालवलं. तलवार, नकाशा दिसला की इतिहास. बेडूक, फूल दिसलं की विज्ञान. चित्र नाही, नुसतंच लिहिलेलं, ते समाजशास्त्र. कुठलं पान आधी, कुठलं नंतर? माणूस सुरुवातीला हौसेने मोठं अक्षर काढतो, पुढे हात दुखला की बारीक होतं. म्हणून मोठ्या अक्षराची पानं वर, बारीक खाली. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. झेरॉक्स काढली, कडेला भोकं पाडून प्लास्टिकची तार ओवली, म्हणजे स्पायरल केलं. पाच वाजता मास्तरांचा मूळ गठ्ठा परत बांधून त्यासोबत वहिनींच्या हातात दिलं. "एकदम टकाटक!"

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. उन्हातून सायकल मारून आल्या होत्या, पदराने तोंड पुसलं नि स्पायरल काउंटरवर ठेवलं.

"भाऊ, हे काय आहे?"

"काय झालं?"

"इंग्रज देश सोडून गेले आणि मग बाबर आला. बेडूक मोठा झाला आणि मग त्याला शेपटी फुटली. समाजशास्त्रात घटस्फोट आधी झालाय, लग्नाचा पत्ता नाही. दोन दिवस मला वाटलं, मलाच समजत नाहीये. दोन रात्री रडले मी, भाऊ. परीक्षेला आठ दिवस राहिलेत."

मला हसू आलं. ते दाबून म्हटलं, "मास्तरांना विचारू या."

"कानपूरला कुठे, ते मला कुठे माहितीये? पत्ता पाठवतो म्हणालेत."

लाइट गेलेली होती. शुक्लाजी जेवून झोपायला गेले होते. मी तार काढली, शटर अर्धं खाली घेतलं आणि आम्ही पानं जमिनीवर मांडून बसलो.

"मी समाजशास्त्र घेते. तुम्ही इतिहास लावा," वहिनी म्हणाल्या. "सोप्पं आहे. पानाची शेवटची ओळ वाचायची आणि ती पुढे कुठे जुळते बघायचं."

मी पान हातात धरलं. बघत राहिलो. पाच मिनिटं तेच पान.

"वाचा ना."

"चष्मा नाहीये, वहिनी."

"डोळ्यावर आहे की."

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुसायला तरी काय होतं त्यात? शेवटी म्हणालो, "वहिनी, मला वाचता येत नाही."

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मग हे लावलं कशावरून तुम्ही?"

"अक्षराच्या जाडीवरून."

त्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पानाकडेच बघत बसलो. दुसरीकडे बघायचं कुठे?

आणि मग दिसलं. वरच्या कोपऱ्यात काळपट गोल डाग. मशीनला चहा आणि शाई सारखीच. मास्तरांनी कधीतरी गठ्ठ्यावर चहाचा कप ठेवलेला. शेजारचं पान घेतलं. त्यावरही डाग, पण जरा लहान. आणखी एक, आणखी लहान. लोक पानावरची अक्षरं बघतात. मी इतकी वर्षं डागच बघत आलो, कारण कॉपी काळी आली की शुक्लाजी माझ्या नावाने शंख करायचे.

"वहिनी, चहा वरून खाली झिरपतो ना? सगळ्यात मोठा डाग ते पहिलं पान."

त्यांनी दोन पानं वाचून पाहिली. जुळली. तिसरं जुळलं. त्या एकदम सरसावून बसल्या. "भाऊ, लावा, लावा तुम्ही!"

गठ्ठ्यात सगळ्यात वर इतिहास होता. चहाने बाबरापासून सत्तावनच्या गदरापर्यंत नेलं, पुढे डाग संपला, पुढचं वहिनींनी वाचून लावलं. सगळ्यात खाली विज्ञान. त्याला खालून वाळवी लागलेली. आमच्या मशीनचं झाकण मोडकं, त्यामुळे भोक काळंकुट्ट उमटायचं. शेवटच्या पानाला मोठं भोक, वर येता येता लहान. बेडकाची शेपटी जागेवर गेली. मधल्या समाजशास्त्राला ना चहा मिळाला, ना वाळवी. ते सगळं वहिनींनाच वाचावं लागलं.

मध्येच शुक्लाजी उठून आले. शटर वर केलं. "ये दुकान है कि धोबीघाट?"

"जी, नोट्स सूख रहे हैं," मी म्हटलं.

"और ग्राहक?"

"वो भी सूख रहे हैं, बाहर."

त्यांनी दिलेल्या शिव्या लिहिण्यासारख्या नाहीत. तीन पानं कुठेच बसली नाहीत, ती वहिनींनी शेवटी घातली. मी नवी तार ओवली. त्या गेल्या. मी दोन दिवस पोरांना कुठल्याच नोट्स सुचवल्या नाहीत.

वहिनींचं नाव यादीत लागलं. खालून चौथं, पण लागलं. सांगायला आल्या तेव्हा पेढे आणले आणि पहिलीचं एक पुस्तक. "माझे पहिले विद्यार्थी तुम्ही," म्हणाल्या. मी त्या पुस्तकाची आधी झेरॉक्स काढली आणि छान स्पायरल केलं. सवय. नंतर त्यांच्या मिस्टरांची बदली झाली. पुस्तक अर्ध्यावर राहिलं, आजही तिथेच आहे.

धडा विचाराल तर एवढाच. हातात कागद आला की दोरा सोडायच्या आधी कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा टाकायचा. त्यानंतर मी प्रत्येकाच्या कागदावर टाकत आलो, लग्नपत्रिकेवरसुद्धा. लोक भांडले.

हे सगळं मी बोललो आणि माझ्या पोरीने लिहून घेतलं. काय लिहिलंय ते तिलाच ठाऊक. पानांवरचे आकडे मात्र माझे आहेत.