पुरावा लागणार नाही

आमच्या पोरीनं बेटांच्या विषयात एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा पहिला फोन करमाळ्याहून आला, थोरल्या भावाचा.

"कशात एम.ए. म्हणतूस?"

"बेटं आणि छोटे देश. त्यांचा अभ्यास असतो."

"बेटं म्हंजे पाण्यातली?"

"होय."

"आरं, तुमच्या सोलापुरात नळाला पाणी न्हाय, आन् पोरगी पाण्यातल्या जागंचा अभ्यास करणार! आन् नोकरी कुटं? बोटीवर?"

मी हसलो, कारण मलाही तेच विचारायचं होतं. पण बाप असल्यामुळं मी तो प्रश्न समंजस चेहऱ्यानं विचारला होता इतकंच. त्यावर ती म्हणाली होती, "बाबा, ज्या घरात चार-चार दिवसांनी पाणी येतं त्या घरातली मुलगी दुसऱ्या कशाचा अभ्यास करणार?" काही देश आपल्या एका तालुक्याहून लहान असतात, तिथं पाऊस टाक्यांत धरून ठेवतात आणि तो संपला की पिण्याचं पाणी जहाजानं आणतात, हे तिनं मला आमच्याच गच्चीवरच्या टाकीपाशी उभं राहून समजावलं. पाण्याची वाटणी हाच तिच्या प्रबंधाचा विषय ठरला.

तशाच एका बेटावरच्या विद्यापीठात तिनं वर्षभर राहून सगळे पेपर पास केले. प्रबंध घरी बसून लिहायची परवानगी होती, म्हणून ती सोलापूरला परत आली. येताना तिथल्या अभ्यासक्रमाची नियमावली फोनमध्ये घेऊन आली, आणि माझ्या आयुष्यात बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाचण्यासारखं आलं.

मी इथल्याच एका कॉलेजात परीक्षा विभागात आहे. बावीस वर्षं एका खिडकीमागं. लोकांना क्रिकेटचे स्कोअर पाठ असतात, मला नियमांचे क्रमांक पाठ असतात. तिची नियमावली मी ऑफिसात छापून घेतली, स्पायरल बाइंडिंग केली, वर प्लास्टिकचं कव्हर घातलं. पोर म्हणाली, "बाबा, मी ती फोनवर वाचते." मी म्हणालो, "फोनवर वाचलेला नियम लक्षात राहत नाही."

नियम साधे होते. पेपर आणि प्रबंध दोन्ही पास, तर एम.ए. पेपर पास पण प्रबंध वेळेत नाही, तर फक्त डिप्लोमा. हे दोन मी निळ्या पेननं अधोरेखित केले. पुढं सतरावा नियम होता. मुदतवाढ हवी असेल तर ठरलेल्या तारखेआधी दोन ओळींत कळवावे. विद्यार्थी आजारी असल्यास घरच्यांपैकी कोणीही कळवले तरी चालेल. पहिल्या मुदतवाढीसाठी कोणताही पुरावा लागणार नाही.

पुरावा लागणार नाही! मी तो नियम बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणालो, "हा ज्यानं लिहिला तो कधी खिडकीत बसलेला नाही." आणि समासात लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलं.

खिडकी म्हणजे काय असते ते सांगतो. एकदा कुर्डुवाडीची एक विद्यार्थिनी परीक्षेचा फॉर्म उशिरा भरायला आली. बाळंत झाली होती म्हणून राहिला, म्हणाली. मी म्हणालो, पुरावा? तिनं ओढणी बाजूला करून बाळ दाखवलं. तेवीस दिवसांचं असेल. मी बाळाकडं पाहिलं, चांगलं होतं, आणि म्हणालो, "जन्माचा दाखला शिक्क्यासह आणा." ही गोष्ट मी पुढं कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतींत सांगितली आणि लोक हसायचे. ती बाई दाखला घेऊन परत आली का, हे मात्र मला एकदाही कुणी विचारलं नाही, आणि मलाही आठवत नाही.

तर प्रबंधाची तारीख शुक्रवारची. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. आणि आधीच्या रविवारी पोरीला ताप भरला. सोमवारी सकाळी रिपोर्ट आला, डेंग्यू. दुपारी तिला दवाखान्यात दाखल केलं. सलाईन लावलेला हात तिला हलवता येत नव्हता. दुसऱ्या हातानं तिनं फोन माझ्याकडं सरकवला.

"बाबा, नुसता एक मेल करा. माझ्या मॅडमचा पत्ता त्यात आहे. मी आजारी आहे, वेळ हवा. बस."

"तू झोप. मी बघतो."

मेल करायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मी कोण? मी परीक्षा विभागातला माणूस. माझ्या टेबलावरून इतकी खोटी मेडिकल सर्टिफिकेटं गेली आहेत की ताप या शब्दावर माझा थर्मामीटर लावल्याशिवाय विश्वास बसत नाही. परक्या देशातल्या माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर माझ्या पोरीचा अर्ज जाणार, आणि तो भुवई वर करणार, ही कल्पनाच मला सहन होईना. म्हटलं, असा अर्ज करतो की वाचणाऱ्यानं उभं राहून वाचावा.

सोमवारी संध्याकाळी दवाखान्याचं सर्टिफिकेट घेतलं. त्यावरचा शिक्का पुसट होता, म्हणून मंगळवारी सकाळी दुसरं घेतलं. मग वाटलं, खासगी दवाखान्याचा कागद कोण मानणार? म्हणून सरकारी डॉक्टरांची सही मिळवायला गेलो. ते मीटिंगला गेले होते. दुपारपर्यंत थांबलो.

संध्याकाळी पोरीनं विचारलं, "मेल गेला?"

मी म्हणालो, "चाललंय."

हा आमच्या ऑफिसातला शब्द आहे. खोटा नाही आणि खराही नाही. तो ऐकला की अर्जदार गप्प बसतो. पोरही बसली. डोळे मिटून घेतले तिनं.

बुधवारी कोर्टाबाहेर स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घ्यायला बसलो. मी सांगत होतो आणि टायपिस्ट चाचा बडवत होते. मी अमुक, मुलीचा पिता, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की. एका पानानंतर त्यांनी हात थांबवला.

"साहेब, बेटीकू बुखार है, थोडा वक्त देव. इत्ताच है ना?"

"हो."

"तो फोनपे लिखके भेजो ना. दोन ओळी. बेटी कैसी है अब?"

मी म्हणालो, "चाचा, तुम्ही टाइप करा."

मग नोटरीचा लाल शिक्का बसला. शिक्का अगदी ठळक उमटला होता आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. गुरुवारी सुट्टी होती. शुक्रवारी मराठी सर्टिफिकेटाचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, त्यावर भाषांतर खरं असल्याची सही घेतली. बायको दवाखान्यातून फोनवर दोनदा म्हणाली, "अहो, आज तारीख आहे ना?" मी म्हणालो, "रात्री बारापर्यंत तारीख आजचीच असते." नियमावलीत दुपारी बाराची वेळ दिलेली होती. मीच ती निळ्या पेननं अधोरेखित केली होती. संध्याकाळी स्कॅनरवाल्याकडं लाईट गेली. शनिवारी सकाळी नऊ पानांचा अर्ज, अनुक्रमणिकेसह, मी रवाना केला.

सोमवारी उत्तर आलं. फार सभ्य होतं. मुलीच्या आजाराबद्दल वाईट वाटलं, ती लवकर बरी होवो. यातल्या कुठल्याच कागदाची गरज नव्हती. मुदतीआधी एक ओळ आली असती तरी पुरे होतं. मुदतीनंतर मात्र नियमानं आमचे हात बांधलेले आहेत. तिला डिप्लोमा देण्यात येईल.

तिच्या पोटात अन्न ठरतंय, ती उठून बसायला लागलीय, एवढं होईपर्यंत मी ते तिला सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. स्वतः अपील लिहिलं, तिच्या मॅडमनीही शिफारस केली. अपील फेटाळलं गेलं. त्यांचं म्हणणं होतं की घरच्यांना आधी कळवणं शक्यच नव्हतं असं दिसलं असतं तर विचार करता आला असता. पण सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर मुदतीच्या दोन दिवस आधीची तारीख आहे.

पोरीनं माझी फाईल मागितली. नऊच्या नऊ पानं वाचली. लाल शिक्क्यावर बोट ठेवलं.

"बाबा, मी आजारी आहे हे तुम्ही बुधवारी शपथेवर सांगितलंय. नोटरीला. फक्त त्यांना सांगितलं नाही."

"अगं, मला वाटलं, पुराव्याशिवाय..."

"लिहिलं होतं की तिथं. तुम्हीच वाचून दाखवलं होतं आईला."

एवढंच. पुढं तिनं हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. एखाद्याला खिडकीतून परत पाठवल्यावर तो भांडला की आपल्याला नियम ऐकवता येतो. न भांडता गेला की आपण खिडकीतच बसून राहतो.

डिप्लोमा पोस्टानं आला. मी तो फ्रेम करून बैठकीत लावला. करमाळ्याहून भाऊ आला, फ्रेमपुढं उभा राहिला, म्हणाला, "ब्येस हाय की! एम.ए. झाली म्हणायची." पोर चहाचा कप ठेवून आत गेली. मी भावाला म्हणालो, "जवळजवळ."

त्यानंतर काही महिन्यांनी, ऑफिसात दुपारच्या मोकळ्या वेळात मी ती स्पायरलची नियमावली पुन्हा उघडली. का, ते माहीत नाही. जखमेवरची खपली काढायची सवय असते काहींना. तेविसाव्या नियमात होतं की डिप्लोमा मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत मूळ प्रमाणपत्र परत केलं तर प्रबंध नव्यानं सादर करता येईल. एकदाच. मी तो नियम तीनदा वाचला. खुर्चीतून उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. मग एक कागद घेतला आणि काय काय करावं लागेल त्याची यादी केली. ती खिशात घालून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी आलो.

भिंतीवर फ्रेम होती. तिच्यात नुसता तपकिरी पुठ्ठा होता.

"पाठवलाय तिनं परत," बायको म्हणाली. "गेल्या आठवड्यातच. तुम्ही वर बघतच नाही घरात आल्यावर."

"मला का नाही सांगितलं?"

बायकोनं पदरानं फ्रेमची काच पुसली. मग म्हणाली, "मी विचारलं तिला. म्हणाली, बाबांना कळलं तर ते आधी त्याची झेरॉक्स अटेस्ट करायला नेतील."

खिशातला कागद मी बाहेर काढला नाही. त्यावर पहिलं तेच होतं.

पोर आतल्या खोलीत लिहीत होती. दार लोटलेलं होतं. ते थोडंसं ढकलून मी उंबऱ्यापाशीच उभा राहिलो. टेबलावर पाण्याची बाटली, कागद, लॅपटॉप. तारीख कधीची आहे हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचा अधिकार कुठल्या नियमात बसतो तेही आठवेना.

"कुठवर आलं गं?"

तिनं मान वर केली नाही.

"चाललंय," ती म्हणाली.

मी दार होतं तसं लोटून घेतलं.