जखमेशेजारी बसण्याचा नियम

टेबलावरून खाली पडलेला फासा मोजायचा नाही, हा आमच्या खेळातला सगळ्यात जुना नियम. तो मला करावा लागला तो माझ्या मित्रामुळे. नागपूरला गांधीबागेत त्याचं चादरींचं ठोक दुकान आहे. त्याचा फासा हटकून दिवाणाखाली जायचा, आणि दिवाणाखाली डोकं घालून तो तिथूनच ओरडायचा, "वीस आले बे, वीस!" वीस हा फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा. तो दर वेळी अंधारातच कसा येतो, असं मी विचारलं की मैत्रीचा प्रश्न व्हायचा. म्हणून नियम केला: पडला तर उचला, पुन्हा टाका.

मी नियमांचा माणूस आहे. लाल सिग्नलला मी थांबतो, मागचे हॉर्न वाजवत असतात, आणि मी मान वळवून त्यांच्याकडे रागानं बघतो. मला खेळसुद्धा तसाच आवडला. या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. मी एक गोष्ट सांगायला घेतो. जंगल असतं, पडका किल्ला असतो, किल्ल्यात काहीतरी घोरत असतं. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात आणि आता आपण काय करतो ते सांगतात. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की सक्करदऱ्याला आमच्या घरी हे चालतं. आई त्याला 'ते भुताखेताचं' म्हणते आणि चहा मात्र न सांगता आणून देते.

मित्र आमचा योद्धा. माझ्या बहिणीची मैत्रीण कॉलेजात गणित शिकवते, ती चोर. आणि माझी धाकटी बहीण वैद्य. ती शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या गोष्टीतले सगळे नकाशे तिनं काढलेले आहेत, नदीच्या काठची झाडंसुद्धा वेगवेगळी. वैद्याचं काम म्हणजे जखमी माणसावर हात ठेवायचा, मंत्र म्हणायचा आणि फासा टाकायचा. जितके आकडे पडतील तितका जीव परत. हा नियम मी स्वतः बसवला होता आणि तो मला फार सुटसुटीत वाटायचा. लढाईत माणूस पडला, हात ठेवला, उठला, पुन्हा लढायला गेला. खेळ कुठं अडत नव्हता.

मग बहिणीची गाडी घसरली. सिमेंट रस्त्याचं काम चालू होतं, वळणावर गिट्टी पसरलेली होती, आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं जुळलंय, आता सगळं व्यायामावर आहे. बोटं रोज दुखेपर्यंत हलवली नाहीत तर हात असाच ताठ राहील. त्यांनी दाबायला स्पंजचा एक पिवळा चेंडू दिला. चित्रकलेच्या बाईंचा उजवा हात होता तो. घरात कोणालाच त्याहून जास्त काही सांगायची गरज नव्हती.

सुरुवातीला तिनं चेंडू दाबला. दाबताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते आम्हाला दिसू नये म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसायची. मग एक दिवस चेंडू टीव्हीवर जाऊन बसला आणि तिथंच राहिला. आईनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. मी तर आवाज चढवला. ती "करतो नंतर" म्हणायची आणि पांघरूण ओढून घ्यायची.

त्याच दिवसांत एका रविवारी मी तिला आग्रह करून खेळायला बसवलं. नेमका त्या दिवशी योद्ध्याचा हात मोडला. राक्षसानं दरवाजा लोटला आणि त्यात तो सापडला. मी काही मुद्दाम नाही केलं, फाशानंच तसं केलं. मित्रानं सवयीनं आपला हात तिच्यापुढे धरला. "डॉक्टरीणबाई, मंत्र मारा."

तिनं डाव्या हातानं फासा टाकला. चौदा आले. योद्ध्याचा हात बरा झाला आणि मित्र तलवार काढायला निघाला.

ती फाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले नाही खेळायचं हे. खोटं आहे, दादा."

"गेमच आहे न वं," मित्र म्हणाला.

"मग तुम्ही खेळा." ती उठली आणि आतल्या खोलीत गेली.

मला राग आला होता, खरं सांगतो. तिच्यावर नाही, माझ्या नियमाला कोणी खोटा म्हटलं याचा. पण दोन-तीन दिवस तो शब्द काही डोक्यातून जाईना. एका वाक्यात हात बरा करणारा नियम मी लिहिला होता, आणि पलीकडच्या खोलीत माझ्या बहिणीला पेन धरता येत नव्हतं. मी नियम खोडला आणि नवा लिहायला बसलो.

पहिल्या खेपेला मी बरं होणं महाग केलं. अमुक मुळी आणा, तमुक डोंगरावरून आणा, ती उगाळायला एवढा वेळ, काढा उतरवायला तेवढा. मित्राला दुकानात जाऊन वाचून दाखवलं. तो गिऱ्हाइकापुढे चादर उलगडत म्हणाला, "अबे, गेम आहे का सरकारी दवाखाना? माह्या योद्ध्याले चिठ्ठी काढा लागन का आता?" त्याचं बरोबर होतं. ते खरं नव्हतं, नुसतं कटकटीचं होतं.

दुसरा नियम मला स्वतःला फार आवडला. मंत्र नाही, मुळी नाही. जखमी माणसाशेजारी जितकी माणसं बसतील तितका जीव त्याला दिवसाकाठी परत मिळेल. एकट्यानं कोणी बरं होत नाही, असं मला त्यातून म्हणायचं होतं. लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतका खूश होतो की आईला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे," आणि कुकरकडे वळली.

रविवारी बहीण बाहेर आली नाही. आम्ही तिघंच बसलो, तिच्या खोलीचा पडदा मध्ये. योद्ध्याचा हात मी पुन्हा मोडून ठेवला होता आणि त्याला एका खेड्यातल्या घरात आणून टाकलं होतं. नवा नियम वाचला. मित्रानं तो एकदाच ऐकला आणि त्याच्यातला व्यापारी जागा झाला.

"जितके लोक तितके पॉइंट?"

"हो."

"मंग मी गावात निरोप धाडतो. घरोघरी. पाटलाले सांगतो, तेल्याले सांगतो, देवळात लाउडस्पीकरवर सांगतो."

"तिथं लाउडस्पीकर नाही."

"मंग दवंडी."

आणि त्यानं खरंच अख्खं गाव बोलावलं. अंगणात सतरंज्या टाकल्या, म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या, चहाला दूध कुठून आणायचं तेही ठरवलं. गणिताच्या बाई बेरीज करत होत्या. योद्धा उद्या सकाळी पहिल्यापेक्षा धडधाकट उठणार होता. माझ्या सुंदर नियमाची त्यांनी लग्नाची पंगत करून टाकली. मी ओरडणार, तेवढ्यात पडदा सरकला.

"तो सकाळपर्यंत मरन," बहीण म्हणाली.

"काहून?" मित्रानं विचारलं.

"एवढे लोक आले न, प्रत्येकाले सांगा लागन कसा पडला ते. पहिल्यापासून." ती येऊन टेबलाशी उभी राहिली. "दादा, सरक. गाववाले मी करतो."

मग तिनं गाववाले केले. पदर सावरून एक बाई आत आली, "कसं झालं वं बाई? पण त्या रस्त्यानं गेलीच काहून?" दुसरी आली आणि बसायच्या आधीच हळदीचा लेप सांगितला. एक काका आले, डॉक्टरांनी पट्टी उगाच टाकली म्हणाले, आणि हाड बसवणाऱ्या कोणाचा तरी पत्ता देऊन गेले. एकजण केळी घेऊन आले आणि ती स्वतःच खाऊन गेले. आम्ही पोट धरून हसत होतो, कारण ते गाववाले कुठल्या जंगलातले नव्हते. ते सगळे आमच्याच घरी, त्याच दिवाणावर बसून गेले होते. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं हा अपमान समजतात, त्यामुळे लोक येतात, आणि आल्यावर गप्प बसणं हाही अपमान समजतात.

"कसं झालं विचारलं, एक पॉइंट वजा," ती म्हणाली. "सल्ला दिला, दोन वजा."

गणिताच्या बाई लिहून घेत होत्या. "अजून?"

"'माह्या जावेच्या भावाचा हात असाच मोडला होता. मंग तो वाकडाच राहिला.'" हे मात्र तिनं कोणाचा आवाज न काढता सांगितलं. "त्याले पाच वजा."

गणिताच्या बाईंनी पाच लिहिले.

"त्या दिवसापासून मले वाटते, आपलाही तसाच राहणार," ती म्हणाली. "मंग कायले दुखवून घ्यायचं रोज?"

मी सल्ला देणार होतो, पण दोन वजा झाले असते. ते सांगून गेलेल्या बाईचा मात्र मला इतका संताप आला की तिचं घर ठाऊक असतं तर मी तिथं जाऊन उभा राहिलो असतो.

मग गणिताच्या बाईंनीच शांतपणे विचारलं, "आणि अधिक कशाचे? सगळे वजाच करून कसं चालेल?"

बहिणीनं बराच विचार केला. "आई रोज वेणी घालून देते. काही बोलत नाही, नुसती वेणी घालते." ती म्हणाली, "त्याचा एक."

असा तो नियम झाला, आणि तो आम्ही अजून पाळतो. वैद्यानं जखमी माणसाशेजारी बसायचं. गोष्टीतल्या एका दिवसाला एकच फासा, आणि तोही सहा बाजूंचा, लहान. जो येईल त्यानं काम करावं: पाणी भरावं, वेणी घालावी, जखमी माणसाचं घोडं बांधावं. बोलला की वजा. लढाया मंदावल्या, पण मित्राचा योद्धा अंथरुणात पडल्यापडल्या गावात सगळ्यांचा लाडका झाला. बहीण दर रविवारी येऊन बसू लागली. टीव्हीवरचा चेंडू एक दिवस तिथं दिसला नाही. मी कोणाला विचारलं नाही.

पुढं एका रविवारी योद्ध्याचं बरं होणं अगदी थोडंच उरलं होतं. चार किंवा जास्त पडले की तो उठणार. मित्र आपली तलवार कुठं ठेवली ते आठवत होता. बहिणीनं फासा घ्यायला हात पुढे केला, आणि तो उजवा होता.

तिनं बोटं फाशाभोवती वळवली. करंगळी बाहेरच राहिली. फासा सुटला, टेबलावर टेकला आणि खाली गेला.

पाच आले होते. मला दिसलं. मित्रालाही दिसलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हा नियम आज नसता तर बरं झालं असतं.

"पडला," बहीण म्हणाली. "मोजायचा नाही."

तिनं खाली वाकून तो उचलला. उजव्याच हातानं. फरशीवरून बोटांत यायला त्याला वेळ लागला. पुन्हा टाकला, पुन्हा खाली गेला. पुन्हा वाकली. तिच्या कपाळावर घाम होता. आई चहा घेऊन दारात आली आणि म्हणाली, "अगं, डाव्या हातानं टाक न—"

"आई, दोन वजा!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

आई तिथंच उभी राहिली, ट्रे हातात धरून. पाच नागपूरकर एका खोलीत, आणि कोणी सल्ला देत नव्हतं. फासा पडत होता आणि ती उचलत होती.

शेवटी तो टेबलावर राहिला.

दोन.

मित्रानं तलवार परत ठेवल्याचं सांगितलं आणि अंथरुणावर आडवा झाला. बहिणीनं हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं चोळला. ती हसत होती.

"राहू दे पडून," ती म्हणाली. "उद्या पुन्हा टाकू. मी आहो न इथं."