चुन्याखालचा घोडेस्वार

आमच्या गावचा मसणवाटा आता बागेवाणी झालाय. कडेनं कन्हेर, बोगनवेल, मधून फरशीची वाट, बसायला बाकडी. पाटोद्याच्या बाजाराला निघालेली माणसं भाकर खायला तिथंच थांबतात. पण खरी बघायसारखी हाय ती जुन्या समाध्यांची रांग. काळा दगड, त्यावर कुणाची पावलं कोरलेली, कुणाचा नंदी, कुणाची बैलजोडी. बैलाच्या गळ्यातली घुंगरं मोजून घ्यावीत, इतकं बारीक काम.

आधी यातलं काहीच दिसत नव्हतं. आमच्याकडं रीत हाय, सर्वपित्रीला ज्यानं त्यानं आपल्या वाडवडलांच्या दगडाला चुना मारायचा. दगड कोरा दिसला की त्या घरात मागं कुणी उरलं न्हाई असं गाव समजतं. त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या चुन्यावर चुना बसून सगळ्या समाध्यांचे बत्तासे झालते.

आमचे चित्रकलेचे सर रिटायर झाले आन् या चुन्याच्या मागं लागले. दगड भिजवायचा, लाकडी पट्टीनं पापुद्रा काढायचा. पण आधी घरोघरी जाऊन विचारायचं. बोलायला मी संगं, कारण सर माणसासंग बी फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं बोलतात. त्यांची नक्कल मी शाळेपासून करतो, त्यांना बी माहीत हाय.

गावातल्या बागायतदारांनी पटकन हो म्हणलं. ते बारा महिने गावातच, त्यांचं घर बुडालं असं कोण म्हणणार? अडले ते तात्या, आमच्या शेजारचे म्हातारे. रांगेतला शेवटचा दगड त्यांच्या पणज्याचा, तिथंच त्यांना घेऊन गेलो.

"तात्या, खाली काय कोरलंय बघायचं न्हाई का?" मी म्हणलं.

"पणजा हाय. मला ठावं हाय."

"अहो, पण आकृती, रेषा..." सरांनी सुरू केलं.

"सर, दसरा झाला की आमी समदे ऊस तोडायला जाणार. घराला कुलूप. त्यात दगड बी कोरा. लोक म्हणतील, गेलं हे घर. तुमच्या रेषा ऱ्हातील, आमी न्हाई ऱ्हाणार."

मी दगडामागं गेलो आन् खर्जात आवाज लावला, "काय बे, लई उकडतंय. ही गोधडी काढ की अंगावरची."

तात्या हसले न्हाईत. "माझा पणजा असा बोलत नव्हता. चिरका होता." आन् नाक दाबून म्हणाले, "ए टोणग्या, घोड्याला पाणी दावलं का?"

हा आवाज त्यांच्या आज्यानं त्यांना करून दाखवलेला, आज्यानं बापाकडून थेट ऐकलेला. गावात नक्कल करणारा मीच, असा माझा समज होता. सरांनी बाकड्यावर बसून घेतलं, पोट धरून हसत.

"घोडा होता का त्यांना?" सरांनी विचारलं.

तात्यांनी दगडावरच्या चुन्यावर नख मारून बघितलं. मग म्हणाले, "चुना काढू. पण तुमी न्हाई, आमच्या हातानं. आन् सर्वपित्रीला, समदं गाव हितं असताना."

त्या दिवशी तात्या, पोरं, सुना, नातवंडं, सगळे घागरी घेऊन आले. सर लांबून नुसतं म्हणत होते, "घासू नका, भिजू द्या." आधी घोड्याचा कान निघाला. मग स्वार. मग पायाशी पळणारं कुत्रं, जीभ बाहेर काढलेलं. कुत्र्याचं तात्यांना बी ठाऊक नव्हतं. चुन्याच्या बादल्या घेऊन आलेली माणसं आपापला दगड सोडून तिथं जमली. कुणी कोरा दगड म्हणलं न्हाई.

दसऱ्यानंतर तात्यांच्या घराला कुलूप लागलं. मागच्या आठवड्यात आष्टीकडचे पाव्हणे आलते, त्यांनी विचारलं, "हा घोडेस्वार कुणाचा?"

"आमच्या तात्यांचा पणजा."

"कुठं हायत तात्या?"

"उसाला गेलेत. उन्हाळ्यात येतील."

पाव्हण्यानं स्वाराला हात जोडले, मग वाकून कुत्र्याला बी.