दारावरचा ब्रिगेडियर

लोणावळ्याच्या त्या रिसॉर्टच्या दारात भिकाजी ब्रिगेडियर होऊन उभा असायचा. खांद्यावर अशोकस्तंभ आणि तीन तारे, छातीवर पदकांच्या रंगीत फितींच्या ओळी, कमरेला लाल पट्टा, डोक्याला तुरेवाला फेटा आणि गालात तंबाखू. गाडी आली की दार उघडायचा आणि जो हात मोकळा असेल त्या हाताने सलाम ठोकायचा. मुंबईचे पाहुणे त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे. एकदा तर एकाने आपला गॉगल त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि हातात रिकामा ग्लास दिला. भिकाजीने तसाही फोटो काढून घेतला, आणि तो फोटो आपल्या गावी, सुदुंबऱ्यात, चार घरांत दाखवला.

याच रिसॉर्टमध्ये हनुमंत सुरक्षा सुपरवायझर होता. तोही सुदुंबऱ्याचाच, पण बौद्धवाडीतला. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने लोणावळ्यात खोली घेतली आणि ही नोकरी धरली. सैन्यात तो सैनिकी पोलिसांत होता. लाल टोपीवाले म्हणतात ते हे लोक. रेल्वे स्टेशनांवर आणि बाजारात उभं राहायचं, आणि वर्दीतला कुणी जवान टोपी खिशात घालून, बटण सोडून, हात खिशात खुपसून चालला असेल तर त्याला धरायचं, एवढंच त्यांचं काम. जवानांचा यांच्यावर शत्रूपेक्षा जास्त राग. हनुमंतने आयुष्यात कुणावर गोळी झाडली नव्हती, आणि तसं तो स्वतःच सांगायचा. पण ज्याला स्वतःच्या शर्टाचं बटण सांभाळता येत नाही त्याच्या हाती सरकारने बंदूक कशाला द्यावी, असा त्याचा रोखठोक सवाल असे.

निवृत्त झाला तरी त्याची नजर काही निवृत्त झाली नाही. चिक्कीच्या दुकानातला विक्की सैन्याच्या ठिपक्यांचा टीशर्ट घालून गिऱ्हाइकांना बोलवायचा. त्याच्या बाहीवर एका पलटणीचा बिल्ला शिवलेला होता. हनुमंतने दुकानातलीच कात्री मागून घेतली आणि तो बिल्ला उसवून काढला. टायगर पॉइंटला एक नवरदेव लग्नाआधीचे फोटो काढायला कॅप्टनच्या वर्दीत आला होता. पायात मऊ तपकिरी लोफर. हनुमंतने त्याला तिथेच शर्ट काढायला लावला. नवरदेव बनियनवर दरीच्या वाऱ्यात कुडकुडत उभा राहिला. नवरी तोंडावर हात धरून हसत होती, आणि फोटोवाल्याने कॅमेरा काही खाली ठेवला नाही. खऱ्या जवानांचीही सुटका नव्हती. लोणावळा स्टेशनवर रजेवर निघालेला एक पोरगा गळ्याचं बटण उघडं ठेवून, गुटखा चघळत फोनवर बोलत होता. हनुमंत त्याच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला. पोराने आधी शिवी दिली. मग त्या नजरेत काय दिसलं कोण जाणे, फोन ठेवला, थुंकून आला, बटण लावलं आणि टाचा जुळवल्या.

बाजारात त्याला बटणमास्तर म्हणायचे. हे त्याला माहीत होतं. ज्या माणसांना वर्दी आणि बँडवाल्याचा कोट यातला फरक कळत नाही ती आपल्याला काय म्हणतात, याची त्याला फिकीर नव्हती. हसणारे, फोटो काढणारे, पंधरा ऑगस्टला गाडीवर झेंडा लावून सोळाला तो गटारात टाकणारे, सगळे त्याच्या लेखी एकाच मापाचे होते.

भिकाजीचं मात्र वेगळं होतं. त्याला बनियनवर उभं करून निघून जाता येत नव्हतं, कारण रोज त्याच्याच दारातून आत जायचं होतं.

हनुमंतने आधी मालकाला सांगून पाहिलं. मालक प्रज्ञेश हा पुण्याचा तिशीतला माणूस, बोलायला गोड. फेटा, पट्टा, सोनेरी बटणं खुशाल ठेवा, पण खांद्यावरचा हुद्दा आणि छातीवरच्या फिती काढा, त्या कमवाव्या लागतात, एवढंच हनुमंतने त्याला समजावलं. प्रज्ञेशने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की काका, ही वर्दी नाही, ही थीम आहे.

मग तो भिकाजीकडे गेला. भिकाजी वयाने मोठा. सुपरवायझरला सगळे कामगार साहेब म्हणत, भिकाजी मात्र गावातल्यासारखंच हनुमंता म्हणायचा, एकेरीत. त्याची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती, आलेला पैसा पोरांनी वाटून घेतला होता, आणि घरात कुणी त्याला पाणी विचारत नव्हतं. या दारात आल्यापासून त्याची पाठ पुन्हा ताठ झाली होती. गावात तो स्वतःला मेजर म्हणवून घेऊ लागला होता. मालकाने दिलेलं मी घालतो, तुझ्या खिशातलं काय जातंय, असं त्याने हनुमंतला सुनावलं आणि तंबाखूची पिंक कुंडीत टाकली.

हनुमंत माघारी वळला. माघार घ्यायला कारण होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

हनुमंतचे वडीलही सैन्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्वेच्या आघाडीवर होते. लढाईनंतर पहिल्या मोठ्या रजेवर ते पूर्ण वर्दीत गावी आले. छातीवर नवी फीत, पायात आरशासारखे चमकणारे बूट. चावडीजवळ भिकाजीचा बाप रखमाजी माणसं जमवून बसला होता. त्याने वडलांना थांबवलं. बूट काढ, म्हणाला, आणि टोपी बी. बूट घालून ह्या रस्त्याने तुमच्यातलं कोणी आजवर गेलेलं न्हाई.

वडलांनी वाकून बूट काढले. दोन्ही नाड्यांची गाठ मारून ते गळ्यात अडकवले, टोपी हातात घेतली आणि अनवाणी बौद्धवाडीपर्यंत चालत गेले. हनुमंत तेव्हा पाळण्यातून नुकता उतरलेला. त्याला हे आईने, विठाबाईने, सांगितलं. त्या संध्याकाळी वडलांनी अंगणात बसून बुटांना पुन्हा पॉलिश केलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत प्रत्येक रजेला ते तळेगाव स्टेशनवरच वर्दी उतरवून साधे कपडे घालायचे आणि मग गावची वाट धरायचे.

भिकाजी त्या दिवशी चावडीजवळ बापाच्या मांडीला टेकून बसला होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

म्हणून हनुमंतला पेच होता. या एका माणसाला हात लावला तर नियम कुणी पाहणार नाही, लोक म्हणतील जुना हिशेब काढला. आपल्या कामाला असला वास लागलेला त्याला नको होता. तो रोज दारातून जाताना भिकाजीच्या छातीकडे न बघता जाऊ लागला.

दिवाळीनंतर प्रज्ञेशने भिकाजीचा पोशाख नवा करून घेतला. फिती जुन्या झाल्या होत्या, म्हणून इंटरनेटवरून नव्या मागवल्या. कुठलं पदक कशाचं, हे मागवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. चांगल्या दिसतील त्या रंगांच्या घेतल्या. त्यात वरच्याच ओळीत पूर्वी स्टारची फीत होती. एकाहत्तरच्या पूर्व आघाडीची. हनुमंतच्या घरी वडलांच्या फोटोखाली काचेत तीच लावलेली होती.

तो रविवार होता. लग्नाचं मोठं वऱ्हाड उतरत होतं. पोरं भिकाजीभोवती गोळा झाली होती आणि तो त्यांना दोन्ही हातांनी आळीपाळीने सलाम करून हसवत होता. एका पाहुण्याने त्याच्या फितींवर बोट ठेवून हे कशाचं म्हणून विचारलं. भिकाजी म्हणाला, पाकिस्तानला पाणी पाजलं त्याचं. सगळे खिदळले.

खिदळणं ऐकून हनुमंत आतून आला, पाहुण्याच्या बोटाखालची फीत त्याने ओळखली आणि तो भिकाजीच्या पुढ्यात उभा राहिला.

"भिकाभाऊ, हात खाली घे."

भिकाजीने हात खाली घेतला. हनुमंतने वरच्या ओळीला हात घातला. फिती पिनेने लावलेल्या नव्हत्या, शिवलेल्या होत्या. त्याने ओढल्या तसा खिसाही फाटून सोबत आला. मग त्याने खालच्या ओळी ओढल्या. मग खांद्यावरचे तारे, एक एक करून. भिकाजीने प्रतिकार केला नाही. त्याचा फेटा तेवढा तिरका झाला. खिशातली चुन्याची डबी फरशीवर पडून पाहुण्यांच्या पायांतून घरंगळत गेली.

वऱ्हाडी हे सगळं मोबाईलवर घेत होते. त्यांना वाटलं हा रिसॉर्टचा कार्यक्रम आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर भिकाजी हळूच बोलला, फक्त हनुमंतला ऐकू जाईल असं.

"बापाचं फेडून घेतलंस व्हय?"

"त्ये फेडायचं तर तुझं बूट काढावं लागतील," हनुमंत म्हणाला. "त्ये ऱ्हाऊ दे पायात."

फिती मुठीत धरून तो आत निघून गेला.

संध्याकाळी प्रज्ञेशने दोघांना बोलावून घेतलं. हनुमंत कामावरून जायच्या तयारीनेच गेला होता. पण प्रज्ञेश चिडलेला नव्हता, उलट खुशीत होता. वऱ्हाडातल्या कुणीतरी व्हिडिओ टाकला होता आणि लोक विचारत होते की हा कडक माणूस कोण. प्रज्ञेशने त्याला खुर्ची दिली. भिकाजी फाटका कोट घालून दाराशीच उभा राहिला, त्याला कुणी बस म्हटलं नाही.

"काका, तुमचा मुद्दा मला पटला," प्रज्ञेश म्हणाला. "खोटं कशाला? तुमची स्वतःची वर्दी आहे, मेडल्स आहेत. तुम्हीच दारात उभे राहा ना. ओरिजनल फौजी. पाहुण्यांना फार आवडेल."

पगारही वाढवून देतो म्हणाला. भिकाजीला काय, पार्किंगला पाठवू.

हनुमंतने आयुष्यभर खूप मूर्ख माणसं पाहिली होती. वर्दीत दारू पिऊन नाल्यात पडलेले, बहिणीच्या नवऱ्याला आपली टोपी घालून लग्नाला पाठवणारे. त्यांना तो शिव्या देऊ शकत होता, कारण आपण काय मोडलं हे त्यांना कळत होतं. समोरच्या या माणसाला शिवी देण्यातही अर्थ नव्हता. त्याने डोक्यावरची सुपरवायझरची टोपी काढून टेबलावर ठेवली, कमरेच्या वॉकीटॉकीचा पट्टा सोडला आणि तोही ठेवला.

"मी तुमच्या दारात उभा राहिलो," तो म्हणाला, "तर मला धरायला कोन यील?"

प्रज्ञेशला उत्तर समजलं नाही. तो पगाराचा आकडा वाढवत राहिला. हनुमंत भिकाजीच्या शेजारून बाहेर पडला. त्याच्याकडे त्याने पाहिलं नाही.

हनुमंतची मुलगी यशोधरा तळेगावच्या एका कंपनीत कामाला होती आणि तिथेच राहायची. व्हिडिओ तिच्याकडेही पोचला होता. ती रविवारची सुट्टी संपवून निघाली होती, ती परत फिरली. वडील काचेतल्या फोटोसमोर बसले होते, मुठीतल्या फिती समोर वर्तमानपत्रावर ठेवलेल्या. तिने चहा केला. मग विचारलं, की पप्पा, खरं सांगा, हा नियम होता की आजोबा होते?

हनुमंतने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, की त्या नवरदेवाचा शर्ट उतरवला तेव्हा हात थंड होता. आज थरथरत होता. नियमाला हात थरथरत नसतो.

यशोधरा म्हणाली, मग चूक झाली असं वाटतंय का?

"न्हाई," तो म्हणाला. "फक्त आजचं काम ड्युटीत मोजता येनार न्हाई येवढंच."

त्याने बाकीच्या फिती चुलीत टाकल्या. पूर्वी स्टारची ती विकत आणलेली फीतही टाकली. यशोधरा म्हणाली की ती तरी ठेवा. तर म्हणाला, बाजारातला रंगीत चिंधीचा तुकडा आहे तो, आजोबांचा काचेत आहे.

पुढे हनुमंतला एका चिक्कीच्या गोदामावर पहारेकऱ्याचं काम मिळालं. भिकाजीला प्रज्ञेशने काढलं नाही. तुरा सरळ केला, कोट रफू करून घेतला, आणि आठवड्यात नव्या फिती आल्या, आधीपेक्षा एक ओळ जास्त. भिकाजीने त्या लावून घेतल्या. त्यात एक शौर्यपदकाचीही होती. आता कुणी विचारलं की हे कशाचं, तर तो नुसता हसायचा आणि दार उघडायचा. गावात मात्र त्याने मेजर म्हणवून घेणं सोडलं.

गोदामाला जायला बाजारातून सरळ वाट आहे. हनुमंत त्या वाटेने जात नाही. तो वळसा घालून रिसॉर्टच्या दारावरून चालत जातो, आणि दारासमोर आला की पाऊल सावकाश टाकतो. त्याला पाहिलं की ब्रिगेडियर खांबाआड होतो आणि हनुमंत पुरता पुढे जाईपर्यंत बाहेर येत नाही. अशा वेळी एखादी गाडी येऊन उभी असली तर पाहुण्यांना दार स्वतःच उघडावं लागतं.